अंगणातला सांगावा

गडबच्या नाक्यावर मिनीडोर रिक्षातून उतरल्याबरोबर सोमाने डोक्याचा टॉवेल सोडला आणि खांद्यावर टाकला. मरणाचा सांगावा घेऊन जाताना डोकं उघडं ठेवायचं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. रोह्याजवळच्या त्याच्या गावात सकाळी दिनानाथ वारला होता, आणि दिनानाथची एकुलती बहीण हौसाबाई इथे गडबला दिली होती. दुपार टळायच्या आत तिला तिकडे नेलं, तर भावाचं तोंड बघायला मिळणार होतं. नाहीतर नाही.

सोमा नदीकाठच्या कातकरी वाडीतला. गावात कुणी गेलं की आधी त्याला हाक जायची. कोलाड, नागोठणे, पेण, जिथे म्हणून सोयरे असतील तिथे तो जायचा. आधी पायी, मग सायकलवर, मग एसटीने. रीत ठरलेली होती. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, ओटीवर चढायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, आपण होऊन तोंड उघडायचं नाही. घरातलं माणूस बाहेर येऊन विचारायचं, "कुणाचं?" मग नाव सांगायचं, कधी उचलणार ते सांगायचं आणि पाठ फिरवायची. ओटीवर न चढण्यात मरणाचा विटाळ किती आणि वाडीचा किती, हे कुणी कधी वेगळं काढून बघितलं नव्हतं. सोमानेही नाही.

आवाज कोरडा ठेवायचा, हीसुद्धा रीतच. सुरुवातीला त्याला त्यासाठी दात आवळावे लागायचे. पुढे पुढे तीही गरज उरली नाही, आत काही हलायचंच नाही. त्याची बायको ठमी गेली, तेव्हा तिच्या माहेरी सांगावा घेऊन तोच गेला होता. सासऱ्याने बाहेर येऊन "कुणाचं?" विचारलं, आणि गावातल्या कुणाचंही सांगावं तसं सोमाने बायकोचं नाव सांगितलं.

मग मोबाइल आले. गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, क्रिकेटच्या टीमचा ग्रुप. माणूस गेला की फुलांच्या चौकटीत त्याचा फोटो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. चुलीवरचा चहा उकळेपर्यंत अख्ख्या तालुक्याचा शोक आटपून जायचा. सोमाला हाक येईनाशी झाली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

आज सकाळी तो दिनानाथच्या अंगणात तिरडीचे बांबू तासत बसला होता. दिनानाथचा मुलगा हिरामण मोबाइल हातात घेऊन इकडून तिकडे फिरत होता. सोमाने त्याला सहज विचारलं,

"हौसाबायकडं कोण गेलाय?"

"ग्रुपला टाकलाय ना. हरेश घेऊन येईल आत्याला."

"हरेश धाटावला पहिल्या शिफ्टला असंल. कंपनीत मोबाइल गेटवर ठेवून घेतात."

हिरामण थांबला आणि त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. हौसाबाईच्या मुलाने, हरेशने, मेसेज बघितलेला नव्हता. म्हातारीच्या साध्या फोनचा रिचार्ज संपलेला. सून पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, पण तिचा नंबर भावकीत कुणी घेतलेलाच नव्हता. दुबईतला पुतण्या मात्र बातमी कळल्यापासून व्हिडिओ कॉलवर होता. चुलत्याचं तोंड त्याने अगदी जवळून बघून घेतलं होतं.

"गाडी डॉक्टरच्या दाखल्यासाठी रोह्याला गेलीय," हिरामण म्हणाला. "आली का पाठवतो. पण दुपारच्या पुढं नाय थांबता येणार. दुसऱ्या शिफ्टवाल्यांना जायचाय."

सोमाने कोयता खाली ठेवला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. पाय आपले सवयीने निघाले.

हौसाबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. अंगणाच्या कडेला सोमाने चपला काढल्या आणि तो उभा राहिला. तिने कपाळावर हात धरून बघितलं.

"अरे, सोमा! ये, ये. इकडं कुठं वाट चुकलास?"

सोमा तसाच उभा राहिला. आता ती विचारील, मग नाव सांगायचं.

"उन्हात काय उभा राहिलास? चढ वर."

"बाय, मी..."

पुढचं त्याला येईना. उभ्या जन्मात त्याने आधी तोंड उघडलं नव्हतं. विचारल्याशिवाय नाव घेतलं तर ते मरण आपल्या तोंडून घडतं, असं बाप म्हणायचा. सोमा विचारण्याची वाट बघत राहिला, आणि विचारायची रीत हौसाबाई कधीच विसरून गेली होती. ती गुडघ्यांवर हात देत उठली, खाली उतरली आणि तिने चक्क त्याचं कोपर धरलं.

"आता कुठं राहिलाय तसला काय? कंपनीत पोरं एका ताटात जेवतात."

तिने त्याला ओटीवर नेलं, प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली आणि स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. सोमा सकाळपासून तहानलेला होता. माठातलं पाणी गार होतं. त्याने ते सगळं पिऊन टाकलं. आपल्याला खुर्चीत बसून बरं वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बरा आलास," हौसाबाई पुन्हा शेंगा पुढ्यात ओढत म्हणाली. "दिनादादाला सांग, रविवारी पोपटी लावतोय शेतावर. हरेश मडकी आणणार हाय. दादाला दात नायत, पण वालाच्या शेंगा सोडायचा नाय तो. जाळाशी बसून पोरांच्या आधी खाईल."

सोमा रिकामा ग्लास हातात फिरवत राहिला.

"खरं सांगू?" ती हसली. "तुला अंगणात बघितला नि काळजात धस्स झालं. मंग म्हटलं, आता मोबाइल हायत. सांगायला चालत कोण येतोय! नि तू पाणी प्यालास, तवा कुठं जीव भांड्यात पडला बघ. थांब, चहा टाकते."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला. ऊन ओटीच्या पायरीवरून खाली सरकलं होतं. सोमाने ग्लास जमिनीवर ठेवला, तो पायऱ्या उतरला आणि पुन्हा अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

हौसाबाई कप घेऊन बाहेर आली.

"अरे, परत तिकडं कशाला? साखर कमी..."

ती बोलता बोलता थांबली. त्याच्या उघड्या डोक्याकडे तिने बघितलं, मग अनवाणी पायांकडे. तिने कप पायरीवर ठेवला, सांडू न देता ठेवला, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुणाचं?"

"दिना..."

एवढंच निघालं. सोमा रडायला लागला. त्याचे खांदे हलत होते, नाक वाहत होतं, आणि हे काय चाललंय ते त्याचं त्यालाच समजत नव्हतं. जिच्या घरी पाणी प्यालो तिला कोरड्या आवाजात सांगता येत नाही, हे बापाने त्याला शिकवलं नव्हतं. बापालाही कुठून ठाऊक असणार? त्यालाही कुणी पाणी दिलं नव्हतं. या रडण्यात कुठेतरी ठमीही होती.

हौसाबाई रडली नाही. तिने आत जाऊन स्टोव्ह बंद केला, दाराला कडी घातली आणि वाटेकडे बघत विचारलं,

"तोंड बघायला मिळेल ना?"

"चल, बाय."

नाक्यावर दोघं उभे राहिले. मुंबईच्या गाड्या धूळ उडवत जात होत्या, थांबत कुणी नव्हतं. सोमाच्या खिशातला छोटा फोन वाजला. हिरामण होता.

"दिलास ना निरोप? मंग ऐक. गाडी अजून आली नाय. तिथं कुणाचा तरी मोठा मोबाइल घे नि मला नंबर दे. आत्याला व्हिडिओवर तोंड दाखवतो. लोक थांबायला तयार नायत."

हौसाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. आजवर सोमाने इकडचा शब्द तिकडे नेला होता, स्वतःचा एकही कधी घातला नव्हता.

"थांबायचं," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"तिच्या घरचं पाणी प्यालोय मी, हिरामण. तिला घेऊन येतोय. आम्ही येईपर्यंत उचलायचं नाय."

नागोठण्याकडे जाणारी एक मिनीडोर लांबून येताना दिसली. सोमाने फोन खिशात टाकला आणि रस्त्यात पुढे जाऊन दोन्ही हात वर केले.