डोणगावची फियाट

आमच्या घरी फियाट आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून. चारही टायर बसलेले, काचांवर मातीचा थर, मागच्या सीटचा कोंबड्यांनी केलेला चिवडा. डोणगावच्या पंजाबमामांनी गोदाम पाडायला काढलं होतं. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला ते फोनवर सहज सांगितलं, आणि आईनं मला कॉलेजात फोन केला. माझ्या तासाच्या वेळात ती कधी फोन करत नसे.

"देवेश, आबांची गाडी भंगारात चालली. मले पाहिजे."

"काय करशील तिचं?"

"ते मंग पाहू. तू आधी ट्रॉलीचं पाह्य."

माझी आई शैलजा मेहकरच्या पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकून होती. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात ती, मी आणि माझी बायको प्रेरणा. आई बोलायची ते प्रेरणाशी. माझ्याशी तिचं बोलणं 'जेवलास का' आणि 'गोळ्या संपल्या' एवढंच उरलं होतं. त्यामुळे ही गाडी तिनं हट्टानं मागितली तेव्हा मी वाद घातला नाही. अंगणातल्या शेडमधून माझी मोटरसायकल बाहेर काढली आणि तिथं आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, भगवंतरावांची फियाट ढकलून लावली.

बस स्टँडमागचे जुने मिस्त्री कडूबा यांना बोलावलं. त्यांचं गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी बोनेट उघडलं, पंख्याला हातानं झटका दिला, इंजिन एक गिरकी फिरलं.

"जाम नाई, हे नशीब," ते म्हणाले. "पण सर, हे काम महिन्या-दोन महिन्यांचं नाई. सावकाश करा लागते."

"मले कुठं जायचं आहे?" आई म्हणाली.

आमचे रविवार असे सुरू झाले. सकाळी चहा झाला की आई साडीवर बाबांचा जुना शर्ट चढवायची, पदर खोचायची आणि शेडमध्ये पाटावर बसायची. कोणता नट कुठून निघाला हे वहीत चित्र काढून लिहायची. सुटे नट-बोल्ट तिनं इडलीपात्राच्या खाचांमध्ये लावले होते आणि प्रत्येक खाचेत कागदाची चिठ्ठी. प्रेरणानं नवं इडलीपात्र आणलं आणि हसून विषय सोडून दिला. कडूबा खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे, आम्ही दोघं करायचो. मी फिजिक्स शिकवतो, पण ब्रेकचं तेल कुठून कुठं जातं हे आईला माझ्या आधी कळलं.

दिव्याभोवतीची एक कडी घासायला तिला तीन रविवार लागले. मी म्हटलं, "आई, नवी मिळते ही." ती म्हणाली, "मिळते ना. पण ही आबांनी पुसलेली आहे."

आणि काम करता करता ती बोलायची. समोर गाडी असली की तिला बोलता यायचं. माझ्याकडं न बघता, पॉलिश पेपर घासत घासत. आबांनी ही गाडी अकोल्याच्या एका डॉक्टरकडून घेतली तेव्हा ती निळसर होती. डोणगावात आल्यावर त्यांनी तिला दुधी रंग दिला, कारण आजीला निळा आवडत नव्हता. घासता घासता आम्हाला दुधी रंगाखाली तो निळा सापडला, नखाएवढा. आई बराच वेळ त्याच्यावर बोट ठेवून बसली होती. "हाच द्यायचा," म्हणाली.

मागच्या डाव्या दाराला एक खड्डा होता, ताटलीएवढा. तो घासायची वेळ आली तेव्हा आईनं माझा हात धरला.

"हा राहू दे."

"काऊन?"

ती सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारी आबा झोपले होते. तिनं किल्ली घेतली, गाडी सुरू केली. स्टिअरिंगजवळचा गिअर कसा टाकायचा हे ती बघून बघून शिकली होती. खळ्यापर्यंत नेली आणि मागे घेताना उभ्या बैलगाडीवर आदळली. आबा आवाजानं बाहेर आले. त्यांनी दाराकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "चाक नीट धरत जाय," एवढंच म्हणाले. संध्याकाळी घरात सगळ्यांना सांगितलं, माझ्याच हातून झालं.

"कोणाले माहीत नाही हे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांलेही नाही सांगितलं. तुले सांगतलं."

"मग पुन्हा चालवलीस?"

"नाही. मंग कॉलेज, मंग नोकरी, मंग तुम्ही." तिनं पॉलिश पेपरचा दुसरा तुकडा फाडला. "आता चालवीन."

दोन वर्षं झाली. इंजिन सुरू झालं त्या दिवशी कडूबांनी पेढे वाटले. पण गाडी अजून जागची हलत नव्हती. पत्रा उघडा, सीट नाहीत, वायरिंग अर्धं. सीटची कव्हरं आई स्वतः शिवत होती, मशीनवर जाड कापड ओढत. एका कव्हराला महिना. शेजारचे विचारायचे, "सर, कधी निघते गाडी?" कॉलेजातला माझा सहकारी राजकुमार तर रोज. आधी मला गंमत वाटायची, नंतर नंतर मी चिडायला लागलो. खरं सांगायचं तर मला ती पूर्ण झालेली गाडी पाहिजे होती. आईला शेजारी बसवून गावातून नेतोय, लोक बघताहेत, हे चित्र माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की शेडमधले रविवार मला त्या चित्राच्या आड येणारे वाटायला लागले.

त्या डिसेंबरात माझी बहीण निवेदिता दुसऱ्यांदा बाळंत होणार होती. आई तीन महिन्यांसाठी नाशिकला गेली. निघताना म्हणाली, "मी येईपर्यंत हात लावू नको. विसरून जाशील कुठलं काय ते."

ती गेल्यावर आठ दिवसांत मी फियाट अकोल्याच्या एका गॅरेजला पाठवली. जुन्या गाड्या नव्या करून देण्यात त्यांचं नाव होतं. मला वाटलं, आई परत येईल आणि गाडी दारात उभी असेल. तिला आनंदानं रडू येईल असंही वाटलं होतं. प्रेरणा म्हणाली, "आईंना विचारा एकदा." मी म्हटलं, "विचारलं तर सरप्राइज कसलं?"

आई दर रविवारी फोन करायची. "आज काय केलं?"

"काही नाही. प्रॅक्टिकलं चालू आहेत."

"बरं. वायरिंगचं मी नाशकातल्या एका दुकानात विचारलं. लिहून ठेवलं आहे सगळं."

एकदा प्रॅक्टिकलच्या मधेच गॅरेजवाल्याचा फोन आला. "सर, मागच्या डाव्या दाराले खड्डा हाय. काढून टाकू ना?"

मुलं ओळीत उभी होती, बाहेरचे परीक्षक शेजारी. मी म्हटलं, "हो, काढा. एकदम नवी दिसली पाहिजे."

फोन ठेवल्यावर मला आठवलं. लगेच उलटा फोन करायला हवा होता. नंतर करू म्हटलं. दुपारी प्रॅक्टिकल संपलं, चहा झाला, हातात मोबाईल होता. आणि मनात आलं, एवढा चकचकीत रंग द्यायचा आणि दाराला खड्डा तसाच? लोक काय म्हणतील? फोन करायचा राहून गेला असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तो राहून गेला नव्हता.

मार्चमध्ये आई नाशिकच्या बसनं मेहकरला उतरली. मी स्टँडबाहेर फियाट लावून उभा होतो. निळा रंग अगदी तिनं बोट ठेवलेला, मी तसा नमुना दिला होता. चकचकीत पट्ट्या, नवी सीट, नवे दिवे. आई पिशवी घेऊन गाडीवरून पुढे निघून गेली. कोणाच्या तरी लग्नाची गाडी वाटली असेल.

"आई! इकडं!"

ती थांबली. परत आली. पिशवी माझ्या हातात दिली आणि गाडीभोवती एक फेरी घातली. मागच्या डाव्या दाराशी आली तेव्हा तिचा हात पत्र्यावर होता. तो थांबला, एकदा मागे गेला, परत पुढे आला. तिथं हाताला काही लागत नव्हतं.

"छान झाली," ती म्हणाली.

"आवडली?"

"रंग बरोबर जुळला." तिनं पुढचं दार उघडलं आणि बसली. "कव्हरं नवी केली का?"

"गॅरेजवाल्यानं रेक्झिनची घातली. तुझी घरी आहेत."

स्टँड ते घर दहा मिनिटांचा रस्ता. लोक खरंच बघत होते. आई हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. घराच्या वळणावर ती हसून म्हणाली, "मंग आता रविवारी काय करायचं रे?" मी पण हसलो. मला तेव्हा काही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं इडलीपात्र घासून कपाटात ठेवलं. जुने नट-बोल्ट डब्यात भरून कडूबांना दिले. डबा घेऊन जाताना कडूबा फाटकाशी थांबले. मला म्हणाले, "गाडी चांगली बनली सर. पण ताईचं काम तुम्ही काऊन हिसकलं?"

मी फाटक लावून घेतलं.

अक्षय्य तृतीयेला आम्ही डोणगावला गेलो. वाटेत रस्ता मोकळा होता. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "ये, तू चालव." आई म्हणाली, "नको. नवी गाडी आहे. कुठं घासली तर?" मी खूप आग्रह केला. ती उतरली नाही.

पंजाबमामा अंगणात उभेच होते. आईपेक्षा पाच वर्षांनी लहान, आता साठीच्या पुढचे. गाडी पाहून त्यांनी गावातल्या चार जणांना हाका मारल्या. बोनेटवर हात फिरवला, आत डोकावले. मग मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "काऊन बे देवेश, खड्डा कुठं गेला?"

"कोणता?" मी म्हटलं.

"अबे, इथं होता ना! अक्कानं बैलगाडीले ठोकली होती तो!"

आई पायरीवर बसत होती, ती तशीच उभी राहिली. "तुले कसं माहीत?"

"हाव! मी माळवदावर होतो ना तवा. आबांनी खालून पाह्यलं मले, आणि तोंडावर बोट ठेवलं. आबा होते तोवर चूप बसलो. मंग मले वाटलं, तूच सांगशील कधी."

आई खदखदून हसली. नाशिकहून आल्यापासून ती अशी हसली नव्हती. पन्नास वर्षं दोघांनी एकमेकांपासून लपवलेलं एकच गुपित. दोघं दाराशी जाऊन उभी राहिली. मामा म्हणाले, "इथं होता." आई म्हणाली, "नाही रे, जरा खाली." मामांनी बोट सरकवलं. "इथं?" "असंल." त्या गुळगुळीत निळ्या पत्र्यावर दोघांचे चेहरे दिसत होते, आणि जागा काही त्यांना ठरवता येईना. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "जाऊ दे, चाल, जेवू." आई मागं राहिली होती. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

परतताना मी सगळं सांगितलं. गॅरेजवाल्याचा फोन, मला आठवलेलं, आठवूनही न केलेला फोन. काहीच लपवलं नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तू माझ्यासाठीच केलं," ती म्हणाली. "हे मले माहीत आहे. म्हणून तर रागावताही येत नाही."

"रागव ना. मला चालेल."

"तुले चालेल," ती म्हणाली, आणि बाहेर बघत बसली.

यंदा उन्हाळ्यात कडूबांनी बातमी आणली. नांदुऱ्याला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात जुनी अ‍ॅम्बेसिडर उभी होती, मालक द्यायला तयार होता. मी त्याच संध्याकाळी आईपुढे मोबाईलवरचे फोटो धरले. तिनं चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला.

"खालून पत्रा गेलेला दिसते," ती म्हणाली. "इंजिन फिरते का?"

"कडूबा म्हणतात फिरते. आणू का? या वेळी तू म्हणशील तसं. दहा वर्षं लागली तरी लागू दे."

तिनं मोबाईल परत दिला. "माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत देवेश. पाटावर बसलं तर उठवाले माणूस लागते." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "तू कर. मी खुर्चीवर बसून पाहीन." पण ते ती माझ्यासाठी म्हणत होती, हे मला कळत होतं. मी कडूबांना नको म्हणून कळवलं.

आता रविवारी सकाळी नऊला ती कोपऱ्यावरच्या कौशल्याबाईंकडे भजनाला जाते. झांज वाजवते. मी घरी पेपर तपासत बसतो. कधी कधी तिच्याबरोबर जावंसं वाटतं, पण ते बायकांचं भजन आहे. ती बाराला परत येते तेव्हा मी विचारतो, आज काय काय म्हटलं. ती एका ओळीत सांगते आणि जेवायला वाढायला आत जाते.