संघटनेची माणसं

डॉक्टरीणबाई जेवायला बसणार तेवढ्यात फोन आला. सकाळी त्यांच्याकडे बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबेना, म्हणून तिला अँब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात धाडलं होतं. ती तिथं पोचता पोचता गेली. बाळ मात्र इथंच होतं, वरच्या मजल्यावर आयाच्या मांडीवर.

बाईंनी फोन ठेवला आणि सिस्टरला एवढंच म्हणाल्या, "शटर ओढून घे."

सिस्टरनं शटर ओढलं न ओढलं तोच पहिला दगड आला. मग आरडाओरडा, शिव्या, पत्र्यावर लाथा. दोघींनी ऑपरेशनच्या खोलीत शिरून औषधांचं कपाट दाराला लावलं. बाईंनी पोलिसांना कळवलं. पोलीस "निघालोच" म्हणाले, पण ते कधी पोचणार कोण जाणे. आणखी कुणाला बोलवायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावला.

खरं तर संघटना म्हणजे त्यांच्या लेखी वर्षाचं एक जेवण, औषधकंपन्यांनी वाटलेल्या पिशव्या आणि न संपणारी भाषणं. अध्यक्ष कानाचे डॉक्टर, आणि गंमत अशी की स्वतःच एका कानानं ठार बहिरे. सगळे त्यांना 'कानवाले' म्हणत.

"सर, मला इथून बाहेर काढा हो!"

"दार उघडू नकोस. आम्ही येतो."

ते आले. बाईंनी स्टुलावर चढून खिडकीच्या फटीतून पाहिलं. कानवाले, डोळ्यांच्या डॉक्टर, ठेंगणे त्वचेचे डॉक्टर आणि आणखी काही जण शटरला पाठ लावून ओळीनं उभे होते. त्वचेच्या डॉक्टरांचे पाय इतके लटपटत होते की पत्रा खडखडत होता. समोर मेलेल्या बाईचा भाऊ, गॅरेजमधला मेकॅनिक, हातात पान्हा घेऊन उभा होता.

"तिनं मारलं माझ्या बहिणीला!"

"काय?" कानवाल्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं सांग बाबा. आणि सगळं सांग, सकाळपासनं."

भाऊ ओरडून सांगू लागला. कानवाले मध्येच "पुन्हा सांग" म्हणायचे. त्या म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून गर्दीतलेच लोक एकमेकांना गप्प करू लागले. दुसऱ्यांदा सांगताना भावाचा आवाज फुटला, आणि तो पान्हा टाकून फुटपाथवर बसला.

"चौकशी आम्ही करू," कानवाले म्हणाले. "तू समोर बसशील. जे निघेल ते तुझ्यादेखत वाचू. चूक निघाली तर चूक म्हणू."

खिडकीपाशी बाईंनी ते ऐकलं. दगडांची भीती अजून गेली नव्हती, त्यात ही दुसरी.

पोलीस आले, गर्दी पांगली, आजी येऊन बाळाला घेऊन गेली. कानवाले आत आले तशा बाई पुढे झाल्या.

"सर, हे काय कबूल करून बसलात? तुम्ही माझ्या बाजूचे ना?"

"म्हणून तर दाराशी उभा राहिलो. अगं, पूर्वी असं काही झालं की आम्ही डोळे मिटून सांगायचो, डॉक्टरची काही चूक नाही. मीही सांगितलंय. आता आपलं कोण खरं मानतं?"

"आणि माझी चूक निघाली तर?"

"तर निघेल," ते म्हणाले, आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला.

चौकशीपर्यंतचे दिवस कसे गेले ते बाईंनाच ठाऊक. दारावरची बेल वाजली की त्या आधी खिडकीतून पाहायच्या. नवरा म्हणायचा, "गाव सोडू." सिस्टर कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगाल तेच मीही सांगेन." याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

संघटनेच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊ धुतलेला शर्ट घालून आला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्तासाठी माणूस कधी धाडलात?"

सिस्टर मान खाली घालून बसली होती. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"उशिरा," त्या म्हणाल्या. "वाटलं, इंजेक्शननं थांबेल. आधी कितीजणींचं थांबलं होतं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग भावानं, कुणाचीही परवानगी न घेता, विचारलं, "ती काही म्हणाली का?"

"पाणी मागितलं. मी दिलं नाही. ऑपरेशन करावं लागेल असं वाटत होतं, त्याआधी पाणी देत नाहीत."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंना वाटलं, आता हा उठेल आणि मारेल. आणि मारलं तर मारू दे, असंही वाटलं. तो उठलाच नाही.

निकाल त्याच्यासमोर वाचला गेला. उपचार बरोबर, पण मदत मागायला उशीर. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा शिकून येईपर्यंत बाईंनी बाळंतपणं करायची नाहीत. 'उशीर' हा शब्द भावाच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा वाचावा लागला. मग तो निघून गेला. त्यानं माफ केलं असं कुणालाच वाटलं नाही, बाईंनाही नाही. संघटनेतल्या दोघांनी "आपल्याच माणसाला उघडं पाडलं" म्हणत राजीनामे दिले.

बाई शिकायला गेल्या. तिथं पहिल्याच आठवड्यात एका बाळंतिणीच्या अंगावरून थोडं जास्त जाऊ लागलं.

"रक्त मागवा!" बाई केवढ्यानं तरी ओरडल्या.

शेजारची तरुण डॉक्टर दचकली. "मॅडम, एवढ्यात?"

"हो, एवढ्यातच. आणि मोठ्या मॅडमना बोलाव. पळ!"