दहा दिवसांच्या गोळ्या

धाकट्या भावाला माझी किडनी बसवून सात वर्षं झाली होती. घरात तिला सगळे 'मोठ्या बाई' म्हणायचे, कारण घरात हुकूम चालायचा तो माझाच. "मोठ्या बाई कशा आहेत?" असं मी फोनवर विचारलं की तो म्हणायचा, "तुझ्यासारख्याच. जरा उशीर झाला की फुगून बसतात."

शरीराने त्या परक्या किडनीवर चाल करून जाऊ नये म्हणून तो रोज दोन वेळा गोळ्या घ्यायचा. त्या गोळ्या त्याची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवत. मग साथ आली. त्याने लशीचे तीन डोस घेतले, आणि तपासणीत अँटीबॉडी शून्य. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांवर असलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं. जपून राहा, चौथा देऊन बघू."

तो चष्म्याच्या दुकानात होता. गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन फ्रेम कानामागे बसवायची, हे त्याचं आवडतं काम. मालकाने ते दुसऱ्याला दिलं आणि याला मागच्या खोलीत एकट्याला काचा घासायला बसवलं. रविवारी मी त्याच्या घरी जायची ती खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायला. असं दीड वर्ष चाललं. माझ्या जिभेला हाड नाही. एकदा चिडून बोलून गेले, "तुरुंगातल्या कैद्यालाही लोक याहून जवळून भेटतात रे!" तो हसला. मीही विसरून गेले.

चौथ्या डोसच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस त्याने गोळ्या बंद ठेवल्या. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी रक्त तपासत काही तोड काढली असती. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

पंधरा दिवसांत पाय सुजले, लघवी कमी झाली. हॉस्पिटलात आठ दिवस जालीम औषधं दिली, पण किडनी काही परत कामाला लागली नाही. डायलिसिस सुरू झालं.

मी गेले ती त्याला फाडून खायच्या तयारीनेच. तो पलंगावर पडला होता, मानेत नळी होती. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"ताई, रिपोर्ट आला. या वेळी लस लागू पडली. थोडीच, पण पडली."

"गोळ्या का सोडल्यास?"

"तुला उन्हात बाहेर बसवून मला घास गिळवत नव्हता. तू म्हणालीसही ना, कैद्यालासुद्धा..."

"मी काय वाट्टेल ते बोलते! तू ऐकायचंस कशाला?" मला रडू फुटलं. "दुसरी द्यायला माझ्याकडे नाही रे आता."

"माहीत आहे." तो नळी सांभाळत सरकला आणि पलंगावर जागा केली. "बस ना जवळ."

मी बसले. दीड वर्षांनी माझा भाऊ इतका जवळ होता, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.