गुळाचे पारडे

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. माझ्या एका पारड्यात सध्या कोंबडी अंडी उबवते. दुसरे रिकामे असते. ते रिकामे का, हेच तुम्हांला सांगायचे आहे.

अमरावतीच्या लोहाराने मला घडवले आणि बैलगाडीतून मी अकोल्याला किसनरावांच्या अडतीवर आलो. वर्षभर मी कापूस जोखायचो. दसऱ्याला मात्र माझ्या दांडीला झेंडूची माळ पडे आणि पारड्यात खुद्द किसनराव बसत. लहानपणी ते फार अशक्त होते. त्यांच्या आईने, पार्बताबाईंनी, देवीला नवस केला होता : लेकरू जगू दे, दर दसऱ्याला त्याच्या भारंभार गूळ वाटीन.

लेकरू जगले. नुसते जगले नाही, चांगले भरले! दरवर्षी गुळाची भेली वाढे, मुले टाळ्या पिटत आणि पार्बताबाई ओवी म्हणत :

एका पारड्यात गूळ, एका पारड्यात बाळ
गुळाहून गोड बाई, माझ्या किसनाचे गाल

आमचा मापारी मुनव्वर काडीसारखा बारीक. किसनराव त्याला चिडवत, "वारं सुटलं रे, दांडी धर बाप्पा, नाहीतं उडशीन!"

"मी तं तुमच्या आडोशालेच उभा रायतो, शेठ," तो हसून म्हणे.

मग ते १९१८ साल आले. मोठी लढाई सरत आली होती आणि आगगाडीतून एक ताप गावोगाव उतरत होता. लोक त्याला मानमोडी म्हणत. आधी मुनव्वर पडला. त्याची बायको हलीमाबी रडत अडतीवर आली, तशी किसनराव उठले. "मी जातो. मले काय होते? माह्या आंगात दोघाचं बळ हाय."

मुनव्वरच्या उशापायथ्याशी बसून सेवा करून ते परतले आणि त्याच तापाने कोसळले. तिथेच, माझ्यासमोर, गादी घातली. पार्बताबाईंनी घोंगडे पांघरवून त्यांना उताणे निजवले आणि तुपातला शिरा भरवू लागल्या. घास उतरेना. ओठ निळे पडू लागले.

डॉक्टर आले आणि दारातूनच ओरडले, "आई, उताणं निजवू नका! टेकून बसवा. तापानं छाती भरली आहे, त्यात पोटाचा भार खालून श्वास दाबतोय. एवढ्या भाराच्या माणसाला हा ताप फार जड जातो."

पार्बताबाईंच्या हातातली वाटी पडली. "भार? डाक्टर, तोच तं मी देवीले मांगला होता!"

कापसाच्या बोऱ्यांना टेकवून त्यांना बसवले. श्वास थोडा मोकळा झाला. दसरा तोंडावर होता. "गूळ चढवा," पार्बताबाई म्हणाल्या. "माहा किसन उठून पारड्यात बसते." भेल्यांवर भेल्या चढल्या. एक पारडे भुईला टेकले, दुसरे वर अधांतरी. मी वाट पाहत राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी किसनराव गेले.

भिंत धरत धरत मुनव्वर आला. तो बरा झाला होता. त्याने एकेक भेली खाली उतरवली आणि मला म्हणाला, की देवाला, कोण जाणे, "आडोसाच गेला. मी काहून उरलो?"

मित्रांनो, मानमोडीने बारीक माणसेही पुष्कळ नेली. ताप काही तराजू घेऊन येत नाही. पण मी जन्मभर वजन जोखले, श्वास मला कधी जोखता आला नाही. तुम्हांला येईल. घरातले कुणी जिना चढून धापा टाकत असेल, तर हसू नका आणि 'तब्येत झाली' म्हणून टाळ्याही पिटू नका. त्याचा हात धरा, रोज त्याच्यासंगे चाला. आणि ताप आला, तर 'याला काय होते' असे म्हणू नका.

पुढच्या दसऱ्याला पार्बताबाई आल्या. किसनराव बसत, ते माझे पारडे तेव्हापासून रिकामेच होते. त्यांनी ते पाळण्यासारखे हळूच हलवले. ओवी ओठांवर आली, पण 'बाळ' या शब्दापुढे गेली नाही.