पायरी क्रमांक चार

"त्या पानाचा इतिहास पुसता येतो ना?" दातात काडी फिरवत साहेबांनी विचारलं.

"येतो. पण पुसायचा कशाला?"

"कशाला म्हणजे? तीन वाजता चौकशी आहे. पायरी चार परत घाल, आणि ती मधे काढली होती हे कुठे दिसता कामा नये. अकरा वर्षं काय माशा मारल्यास इथे?"

माशा मारत नव्हतो. कंपनीचे नियम आणि कार्यपद्धती ज्या विकीवर, म्हणजे कंपनीच्या आतल्या वेबसाइटवर असतात, ती मी सांभाळतो. रजा कशी मागावी इथपासून आग लागली तर कुठल्या दाराने पळावं इथपर्यंत सव्वाचारशे पानं. कोण, कधी, काय बदललं याची नोंद प्रत्येक पानामागे आपोआप होते. पानं कुणी वाचत नाही. खाली 'वाचलं, समजलं' असं बटण असतं. सुपरवायझर वीस जणांच्या नावाने ते वीसदा दाबतो आणि चहाला जातो. मला हे चांगलं ठाऊक होतं. तरी दर महिन्याला 'शंभर टक्के वाचन' असा हिरवा पट्टा मी साहेबांना मोठ्या ऐटीत पाठवायचो. आता तो पट्टा डोळ्यासमोर आला तरी शिसारी येते.

मार्चमध्ये साहेबांनी फर्मान काढलं होतं: एक पान, एक स्क्रीन. खाली सरकवावं लागलं की म्हणे माणसं कंटाळतात. मी मान खाली घालून कामाला लागलो. कटिंग मशीनच्या पानावर पायरी चार होती. पात्यात अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, त्याला कुलूप लावावं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. हे तर शेंबड्या पोरालाही कळतं, असं मनाशी म्हणत मी ती उडवली. पान स्क्रीनमध्ये चपखल बसलं. साहेबांनी शाबासकी दिली.

मग स्टोअरवाल्याने सामान मोजताना पान पाहिलं. आमच्याकडे जे पानावर नाही ते जागेवर ठेवत नाहीत. त्याने मशीनचं कुलूप उचलून नेलं.

त्या मशीनवर मामा होते. सव्वीस वर्षं कटिंगला, सगळ्या कंपनीचे मामा. गेल्या सोमवारी ते तुकडा काढत असताना पलीकडून कुणीतरी स्विच चालू केला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. नियम होता आणि तो मामांनीच मोडला, एवढं आज ठरलं की मामा कायमचे घरी.

"त्यांच्या नावापुढे 'वाचलं, समजलं' आहेच की," साहेब म्हणाले. "आपण कुठे खोटं बोलतोय?"

काडीच्या टोकावर निघालेलं त्यांनी निरखून पाहिलं आणि माझ्या टेबलाच्या कडेला पुसलं. मी फडक्याने ती कड पुसली. ते गेल्यावर मी पानाचा इतिहास उघडला. बारा मार्च, सकाळी दहा चाळीस, पुढे माझं नाव आणि माझाच शेरा: 'अनावश्यक मजकूर काढला.' 'अनावश्यक' हा शब्द साहेबांचा नव्हता.

मी पायरी चार परत घातली. शेऱ्यात लिहिलं: 'मार्चमध्ये साहेबांच्या आदेशानंतर मीच काढली होती. अपघातानंतर परत घातली.' बाकीच्या नोंदींना हात लावला नाही. इतिहासाची प्रत छापली आणि खाली गेलो.

चौकशीच्या खोलीबाहेर मामा बाकावर बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत.

"मामा, आत हे दाखवा. नियम तुम्ही मोडला नाही. त्या दिवशी तो पानावर नव्हताच."

"मी तेच सांगतोय सगळ्यांना. कुलूपच नेलं, तर लावू काय?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "काढला कुणी पण?"

"मी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वाचून काढलास, का न वाचता?"

"वाचून."

 मामा कागद गुडघ्यावर ठेवून डाव्या हाताने घडी घालायला गेले. घडी तिरकी झाली, कागद घसरून खाली पडला. मी वाकलो.

"राहू दे," ते म्हणाले.

सावकाश वाकून त्यांनी तो स्वतःच उचलला. काखेत धरला, डाव्या हाताने दार ढकललं आणि आत गेले.