ऐकायचं यंत्र

भाऊजींना मी एवढंच म्हटलं होतं, "बाबांसाठी ऐकायचं यंत्र बघा." माझे हे धाकटे दीर स्वतःला यंत्रांतले जाणकार समजतात आणि सासऱ्यांना दिवसेंदिवस कमी ऐकू येत होतं, म्हणून सांगितलं. शनिवारी ते काडेपेटीहून लहान अशी एक चकचकीत डबी घेऊन आले. तीत तीन हजार गाणी मावतात म्हणे.

"हे काय आहे, भाऊजी?"

"ऐकायचं यंत्र! तुम्हीच म्हणालात ना?"

भाऊजींना डोकं केस विंचरण्यापुरतंच दिलेलं आहे. मी कानाचं यंत्र म्हणत होते. पण बाबांसमोर बहिरेपणाचा ब काढायची सोय नाही, लगेच ताटावरून उठतात. म्हणून आडून बोलले, तर हे फळ.

आणि सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं. प्रयोगशाळेत मोबाइल दाराशीच काढून घेतात. नवरा पहाटे जातो. म्हणजे दिवसभर घरात बाबा आणि नुकतंच सरकायला लागलेलं आमचं बाळ. परवा ते पलंग आणि भिंतीच्या फटीत अडकून टाहो फोडत होतं आणि बाबा त्याच खोलीत पेपर वाचत होते. "गढलो होतो गं," म्हणाले.

"नीट तपासा तरी, वहिनी. नावं ठेवायला काय जातंय!"

तपासलं. पडदा बोटाच्या नखाएवढा, त्यावरची अक्षरं मुंगीने वाचावीत अशी. बटणं इतकी नाजूक की डबी नुसती उचलली तरी गाणं बदलतं. कपड्याला अडकवायची क्लिप माझ्या हातातच निखळली. बाळाच्या घशात चपखल बसेल असं माप. बंद करायचं बटण जास्त वेळ दाबलं की भाषाच बदलते. मग बराच वेळ ते आमच्याशी कुठल्याशा परक्या लिपीत बोलत होतं आणि भाऊजी माहितीपुस्तिका उलटी धरून त्याची समजूत काढत होते.

"अहो, पण आवाज ऐका! बाहेरचं जग गायब!"

"मला बाहेरचं जग हवंय, भाऊजी. त्यात माझं मूल आहे."

बाबांना मात्र डबी आवडली. कानाचं यंत्र म्हाताऱ्यांचं, हे तरण्यांचं. दोन्ही इअरफोन कानात घालून ते खुर्चीत ऐसपैस बसले.

"लाव की रे."

"लावलंय, बाबा!" भाऊजी ओरडले.

"मग मोठं कर."

भाऊजी बटण दाबत राहिले आणि बाबा हाताने खुणावत राहिले, अजून, अजून. पडद्यावरचा आकडा टोकाला जाऊन अडकला. मी बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते, तिथवर गाण्याचा शब्द न् शब्द येत होता.

"काय भिकार माल उचलून आणलायस! नुसतं कुजबुजतंय."

"दुकानदारानं शेंडी लावली वाटतं. उद्याच परत करतो," भाऊजी म्हणाले. ऐकू त्यांनाही येत होतं. पण बापापुढे दोष यंत्राच्या माथी मारणं सोपं.

"सूनबाई, तू शिकलेली आहेस. तूच सांग. बिघडलंय ना?" बाबांनी एका कानातला इअरफोन काढून माझ्यापुढे धरला.

हो म्हटलं असतं तर घरात शांतता राहिली असती आणि सोमवारी मी गेलेही असते. मी तो कानाजवळ नेला. कानात सुई टोचावी तसं झालं. हात झटक्यात मागे आला. बाळ दचकलं आणि मोठ्याने रडायला लागलं.

बाबांनी दुसराही इअरफोन काढला. बाळाच्या उघड्या तोंडाकडे ते बघत राहिले.

"यंत्र चांगलं आहे, बाबा," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. दिवसभरात त्या डबीला मी लावलेलं ते पहिलं चांगलं विशेषण.

"तसं नाही, वहिनी," भाऊजी सरसावले, "यात आवाजाचा पोत बदलायची सोय..."

"तू गप रे." बाबांची नजर बाळावरून हटली नव्हती. "हा आत्ता जोरात रडतोय?"

"हो."

"मला वाटायचं, पोर गरीब आहे. रडतच नाही फारसं."

मी बाळाची पाठ थोपटत राहिले.

"सोमवारी जाऊ नकोस," ते म्हणाले. "निरोप दे त्यांना. आणि कानाचा डॉक्टर आज असतो का बघ. या शहाण्याला पाठवू नकोस, तो डोळ्यांचा घेऊन येईल. तूच चल."

मी प्रयोगशाळेत फोन केला. एक आठवडा थांबू, त्यापुढे नाही, असं तिकडून कोरडं उत्तर आलं. तेवढं पुरे होतं. बाळाचं टोपडं बांधून बाहेर आले तर बाबा चपला घालून दारात उभे होते, आणि भाऊजी त्यांच्या मागे डबी पुसत.

"मग हे मीच ठेवून घेऊ का?"

आम्ही दोघंही चालू लागलो. बाबांना ते ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं.