हिरव्या खडूची खूण

"साहेब, मेंढी नीट धरा की! नवरदेवासारखे काय उभे राहिलात?" शेडवरचे मामा ओरडले आणि लेंडीसाहेबांचे कान लाल झाले. आज त्यांनी खरोखरच इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तो काही मेंढ्यांसाठी नव्हता.

लेंडीसाहेब हे नाव मामांनीच ठेवलेलं. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करणारे साहेब रोज लेंड्या पाण्यात कालवायचे आणि मायक्रोस्कोपखाली जंतांची अंडी मोजायचे. अंडी कमी भरली, की जनावर जंतांना पुरून उरलं असं समजायचं. शेजारच्या खोलीत जनावरांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या चाराबाई. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागली, एकमेकांच्या डब्यांत हक्काने हात घालू लागली आणि जेवताना कडाकडा भांडू लागली. साहेब म्हणायचे, जंत सोसायची ताकद रक्तात असते, आईबापांकडून येते. बाई म्हणायच्या, पोटभर सकस खाऊ घाल, मग बघू तुझं रक्त काय म्हणतंय ते.

शेवटी भांडण मिटवायला प्रयोग मांडला. जंतांना लवकर बळी पडणाऱ्या वाणाची कोकरं घेतली. निम्म्यांना बाई गवताबरोबर पेंड घालणार, निम्म्यांना नुसतं गवत. कुणाला काय मिळतंय, हे मोजणाऱ्याला मात्र कळू द्यायचं नाही. कळलं की मोजताना मन कलतं. नियम एवढाच होता, पण साहेब पडले महाकाटेकोर.

"आपण बोलायचंच नको," ते म्हणाले.

"मेंढ्या सोडून बोलू की," बाई हसल्या.

"मेंढ्या सोडून मला येतं काय? बोलता बोलता निसटेल काहीतरी."

झालं. दोघांनी मिठाची गुळणी धरली. डबे आपापल्या खोलीत उघडू लागले. त्यात कोकरांची कोकरंही तपासायचं ठरलं आणि प्रयोग वर्षानुवर्षं लांबला. "बाईंना नुसतं 'जेवलात का' विचारलं तर मेंढ्या काय मरणारेत का?" मामा कुरकुरायचे. साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. साहेबांची आई वारली, त्यानंतर ते कामावर आले, तेव्हा बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी नुसती मान हलवली आणि ते मायक्रोस्कोपकडे वळले. त्या दिवशी त्यांना बाईंशी इतकं बोलायचं होतं, की मोजणी तीनदा चुकली. हेही नंतर सांगू, म्हणून त्यांनी ठेवून दिलं.

ते 'नंतर' आज उजाडलं होतं; मोजणी संपली होती आणि कुणी काय खाल्लं ते आता उघड व्हायचं होतं. मामा एकेक मेंढी आणत, साहेब मान धरत आणि पेंड खाल्लेली असेल तर बाई तिच्या पाठीवर हिरव्या खडूने खूण करत. साहेबांना सगळ्यांचे आकडे तोंडपाठ होते. अंडी कमी असलेली पहिली मेंढी आली, खूण झाली. अंड्यांनी बुजबुजलेली आली, ती कोरीच गेली. पुन्हा कमीवाली, पुन्हा खूण. साहेबांना आनंदाने हसू फुटलं.

"हरलो मी. तुझ्या पेंडीने रक्ताला पाणी पाजलं."

बाई खळखळून हसल्या. ते हसू इतक्या वर्षांनी इतक्या जवळून ऐकलं आणि साहेबांना शेवटच्या मेंढीपर्यंत दम धरवेना.

"आता बोलायला हरकत नाही ना?" त्यांनी विचारलं. "मला... तुझ्याशी लग्नाचं बोलायचं होतं. केव्हापासून."

बाईंचा हात मेंढीच्या पाठीवरच थांबला.

"माझं ठरलंय रे," त्या हळूच म्हणाल्या. "भावाच्या ओळखीतले आहेत. शाळेत शिकवतात. पुढच्या महिन्यात जाईन मी."

"कधी ठरलं?"

"मागच्या थंडीत."

"मी शेजारच्याच खोलीत होतो."

"हो ना. तुझी खुर्ची सरकली की आवाज यायचा. दर वेळी वाटायचं, उठलास, आता येशील." बाईंनी खडू या हातातून त्या हातात घेतला. "पहिली दोन वर्षं फार वाट पाहिली मी."

साहेबांनी विचारलं, "कसे आहेत ते?"

"चांगले आहेत. फार बोलतात," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मामा पुढची मेंढी घेऊन दाराशी घुटमळत होते. आत यावं की परत फिरावं, त्यांना कळेना. मागे गोठ्यात अजून पुष्कळ मेंढ्या होत्या, आणि कुठल्या मेंढीला काय घातलं ते बाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"आणा मामा," साहेब म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि गुडघे टेकून मेंढीची मान दोन्ही हातांनी धरली. मेंढी धडपडली, मग शांत झाली.

"धरलीय," ते बाईंना म्हणाले. "कर खूण."